घरच्या कार्यशाळेतील पाने आणि पकडी : निवडीच्या नोंदी

६ जानेवारी

पाण्याच्या पंपाच्या झाकणाला चार बोल्ट आहेत. त्यांपैकी एकाचे डोके आज गोल झाले आणि उरलेल्या तिघांना मी हात लावला नाही. गंज हे त्यामागचे अर्धे कारण होते. दुसरे अर्धे कारण हातातले हत्यार होते. जुन्या पेटीत तेराचा, म्हणजे १३ मिमीचा, पाना सापडला नाही म्हणून मी फिरकीने तोंड लहान-मोठे करता येणारा २०० मिमी लांबीचा स्क्रू पाना लावला, फिरकी घट्ट केली आणि दांड्यावर जोर दिला. बोल्ट हलण्यापूर्वीच जबडा कोपऱ्यांवरून घसरला. दुसऱ्या प्रयत्नात कोपरे आणखी झिजले. तिसऱ्यांदा साधी पक्कड लावली, तेव्हा षटकोनाचा उरलासुरला आकारही गेला.

शेवटी कानशीने डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासून सपाट केल्या, त्यांवर बाराचा पाना घट्ट बसेल इतके माप आणले, गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर तसेच ठेवले. हे काम उद्या पुढे नेईन. मात्र एका बोल्टसाठी पूर्ण दिवस गेला, आणि तो वाचवता आला असता, हे स्पष्ट आहे. म्हणून घरच्या कार्यशाळेसाठी पाने आणि पकडी यांची निवड हाच आता एक वेगळा प्रकल्प मानून त्याच्या नोंदी ठेवायला सुरुवात करते आहे. करवती, ड्रिल, पेचकस यांचा विचार येथे करणार नाही.

७ जानेवारी

घासलेला बोल्ट सकाळी निघाला. आधी घट्ट करण्याच्या दिशेने किंचित दाब दिला, मग सोडण्याच्या दिशेने. असे चार-पाच वेळा केल्यावर गंजाची पकड सुटली. एकाच दिशेने जोर वाढवत नेला असता तर बोल्ट तुटून आटे झाकणाखालीच अडकले असते.

दुपारी जुनी पेटी रिकामी केली. ती वडिलांची आहे, आणि त्यांनी वेगवेगळ्या वेळी गरजेप्रमाणे घेतलेली हत्यारे तिच्यात एकत्र आली आहेत. दोन्ही टोकांना उघडी तोंडे असलेले सहा पाने, दोन रिंग पाने, तो स्क्रू पाना, एक मोठा पाइप पाना, एक साधी पक्कड, धार बोथट झालेला एक कटर, आणि बोल्टच्या डोक्यातील षटकोनी खळग्यात बसणाऱ्या ॲलन कीचा अपुरा संच. सहा पान्यांपैकी दोघांवर इंची माप आहे. एका पान्याचे तोंड उघडच फाकलेले दिसते. दहाचे तीन पाने निघाले, तेराचा एकही नाही.

११ जानेवारी ते १३ जानेवारी

दुकानात मिळणारा तयार संच घ्यावा की सुटे पाने घ्यावेत, हा प्रश्न मनात होता. त्याचे उत्तर हत्यारांत शोधण्याऐवजी घरातल्या नट-बोल्टांत शोधावे असे ठरवले. तीन दिवस व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घेणारी मोजपट्टी, हातात घेऊन सायकल, पंप, शिलाई यंत्राचा स्टँड, कामाचा बाक, ग्राइंडर, लोखंडी कपाटे, खाटा, गवत कापण्याचे यंत्र आणि दारांच्या बिजागऱ्या या सगळ्यांवरची बाहेरून पाना लागणारी षटकोनी डोकी मोजली. ॲलन कीने फिरणारे बोल्ट या गणतीत धरले नाहीत. एकूण १८६ डोकी भरली. त्यांत १० मिमीची ६१, १३ मिमीची ४४ आणि ८ मिमीची २३, म्हणजे या तीन मापांनीच १२८ जागा व्यापल्या. त्यानंतर १७ मिमीची १४, १२ मिमीची ११, १९ मिमीची ९, १४ मिमीची ६, १५ मिमीची ५ आणि १६ मिमीची ३. इंची चार. उरलेली सहा किरकोळ मापांची.

या आकड्यांमागे कारण आहे, आणि ते कळले की पाने निवडणे सोपे जाते. बोल्टचे नाव त्याच्या दांड्याच्या व्यासावरून पडते, पाना मात्र डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतरावर बसतो. एम ५ च्या, म्हणजे ५ मिमी व्यासाच्या, बोल्टला ८ चा पाना लागतो, एम ६ ला १० चा, एम ८ ला १३ चा. घरगुती वस्तूंत हेच तीन बोल्ट सर्वाधिक वापरले जातात, म्हणून गणतीतही तेच पुढे आले. एम १० पासून गोंधळ सुरू होतो. जुन्या जर्मन डीआयएन मानकात एम १० चे डोके १७ मिमी आणि एम १२ चे १९ मिमी आहे. आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकात तेच अनुक्रमे १६ आणि १८ मिमी आहे. दोन्ही प्रकारचे बोल्ट आजही वापरात आहेत, आणि एकाच बाकाला मला १७ चे आणि १६ चे असे दोन्ही सापडले, कारण मधल्या काळात काही बोल्ट बदलले गेले असावेत. जपानी पद्धतीच्या यंत्रांवर एम ८ चे डोके बहुधा १२ मिमीचे आणि एम १० चे १४ मिमीचे असते. गवत कापण्याच्या यंत्रावरील १२ आणि १४ यांचा उलगडा त्यामुळे झाला. सायकलची पेडल आणि मागच्या चाकाचे नट हे १५ चे गिऱ्हाईक आहे.

तयार संचात ६ पासून २२ पर्यंतचे जवळजवळ सर्व आकडे ओळीने असतात. माझ्या घरात ११ चे, १८ चे, २० चे आणि २१ चे एकही डोके नाही. न लागणाऱ्या चार-सहा पान्यांवर होणारा खर्च लागणाऱ्या पान्यांच्या दर्जात घालावा, असा निर्णय आज लिहून ठेवते.

१८ जानेवारी

पाना घसरतो तेव्हा नक्की काय होते, हे समजून घेण्यात आजची संध्याकाळ गेली, आणि ती सत्कारणी लागली असे वाटते.

नट पान्याच्या तोंडात सरकवता यावा म्हणून तोंड नटपेक्षा किंचित मोठे ठेवावेच लागते. या ढिलाईमुळे दाब दिल्याबरोबर पाना आधी नटभोवती थोडा वळतो आणि मग अडतो. अडतो तेव्हा त्याचा स्पर्श नटच्या सपाट बाजूला पूर्णपणे होत नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांजवळच्या अरुंद पट्टीवरच सगळा भार येतो. ढिलाई जितकी जास्त, तितका पाना अधिक वळतो आणि पट्टी कोपऱ्याच्या टोकाकडे सरकते. १३ मिमीच्या नटसाठी मी हे गणित करून पाहिले. तोंड १३.१ मिमीचे असेल तर पाना पाऊण अंशाच्या आसपास वळून अडतो. तोंड १३.४ मिमीचे असेल तर तीन अंशांहून थोडे अधिक. मिलिमीटरच्या तीन दशांशांनी वळण चौपट होते, आणि भार सपाट बाजूवरून निसटून थेट कोपऱ्यावर येतो.

इंची मापाचा प्रश्नही याच गणितात सुटतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना लावला की ०.३ मिमीची ढिलाई मिळते आणि पाना जवळपास अडीच अंश वळतो. हलका नट निघेल, गंजलेला नट गोल होईल. पाऊण इंच मात्र १९.०५ मिमी आहे आणि पाच सोळांश इंच ७.९४ मिमी, त्यामुळे तेथे १९ चे आणि ८ चे पाने बहुतेक वेळा चालून जातात. माझ्याकडची चार इंची डोकी अर्ध्या इंचाची आहेत, आणि पेटीतल्या दोन इंची पान्यांपैकी एक त्यांना नीट बसतो. तो पाना जपून ठेवला आहे.

फाकलेल्या पान्याचे तोंड मोजले. त्यावर १७ कोरलेले आहे, आत १७.५ भरते. तो आज कामातून काढला. वस्तू टाकवत नाही म्हणून असा पाना पेटीत राहू दिला तर घाईच्या वेळी हाताला नेमका तोच लागतो.

काही कंपन्यांच्या रिंग पान्यांत आणि सॉकेटमध्ये (नटवर टोपीसारखे बसणारे सुटे तोंड) आतील भिंतीला सौम्य वळण दिलेले असते, त्यामुळे स्पर्श कोपऱ्यावर न होता कोपऱ्यापासून आत, सपाट बाजूवर होतो. हातात धरून उजेडात पाहिले तर हा आकार डोळ्यांना दिसतो. नवा पाना घेताना हे पाहायचे आहे.

२० जानेवारी

उघड्या तोंडाचा पाना नटला फक्त दोन बाजूंनी धरतो. रिंग पाना सर्व बाजूंनी वेढतो. भार जास्त असेल तेथे रिंगच योग्य, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तरीही उघडे तोंड सोडून चालत नाही, कारण नळीच्या मध्यावर असलेल्या नटवर रिंग वरून घालताच येत नाही, आणि दोन भागांच्या फटीत असलेल्या नटपर्यंत पाना बाजूनेच सरकवावा लागतो. म्हणून एका टोकाला उघडे तोंड व दुसऱ्या टोकाला त्याच मापाची रिंग असलेला कॉम्बिनेशन पाना हाच मुख्य संच असावा, असे ठरवले. नट सोडताना आधी रिंगने ताण काढावा, सैल झाल्यावर पाना उलटवून उघड्या तोंडाने भराभर फिरवावे.

उघडे तोंड दांड्याशी १५ अंशांचा कोन करून तिरके का असते, हे मला आजवर लक्षात आले नव्हते. षटकोन दर ६० अंशांनी स्वतःसारखाच दिसतो. तोंड सरळ असते तर पाना काढून पुन्हा लावण्यासाठी दांडा पूर्ण ६० अंश फिरवण्याइतकी जागा लागली असती. १५ अंशांच्या तिरकेपणामुळे प्रत्येक फेरीनंतर पाना पालथा करून लावला तर ३० अंशांच्या जागेत काम होते. बाकाखालच्या अरुंद कोपऱ्यातल्या बोल्टवर हे करून पाहिले. जेथे पाना अडकून बसत होता, तेथे पालथा-सुलटा करत बोल्ट पूर्ण बाहेर आला.

रिंगमध्ये सहा कोन असावेत की बारा, हा पुढचा प्रश्न. बारा कोनांची रिंग दर ३० अंशांनी बसते, सहा कोनांची दर ६० अंशांनी. पण सहा कोनांच्या रिंगमध्ये भिंत नटच्या बाजूला अधिक लांबीवर टेकते आणि झिजलेले डोकेही ती बऱ्याच वेळा धरून ठेवते. हातपान्यात बारा कोन ठेवते, कारण तेथे जागेची अडचण वारंवार येते. सॉकेट मात्र सहा कोनांचीच घेणार आहे, कारण रॅचेटमुळे, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणाऱ्या दातेरी दांड्यामुळे, जागेचा प्रश्न सुटतो. ७२ दात्यांचे रॅचेट दर ५ अंशांनी पुढचा दाता पकडते, २४ दात्यांचे दर १५ अंशांनी.

२५ जानेवारी

पान्यांच्या लांबीविषयी. १० चा पाना आखूड आणि १९ चा लांब असतो, यामागे हाताची ताकद आणि बोल्टची सहनशक्ती यांचा मेळ आहे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असे कोरलेले असेल तर पहिला आकडा शंभराने गुणावा: ताणाखाली तुटण्याची मर्यादा सुमारे ८०० मेगापास्कल. दुसरा आकडा सांगतो की त्या मर्यादेच्या ०.८ पटीला, म्हणजे ६४० मेगापास्कलला, बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो. अशा कोरड्या एम ६ बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर आणि एम ८ ला सुमारे २५ न्यूटन-मीटर एवढे पीळबळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, पुरेसे होते.

आता हात. माझ्या १० च्या पान्यावर नटच्या मध्यापासून तळव्याच्या मध्यापर्यंत ११ सेंमी भरतात. १० न्यूटन-मीटरसाठी तेथे साधारण ९ किलो वजनाइतका दाब लागतो. १३ च्या पान्यावर हे अंतर १४ सेंमी धरले तर २५ न्यूटन-मीटरसाठी सुमारे १८ किलो. दोन्ही दाब हाताला सहज जाणवणारे आणि आटोक्यात राहणारे आहेत. पण एम ६ च्या बोल्टवर ३० सेंमी लांबीचे रॅचेट लावले, तर अवघ्या ४ किलोंच्या आसपासच्या दाबाने तो पुरेसा घट्ट होतो, आणि हात नेहमीच्या सवयीने १५ किलोंचा दाब देतो तेव्हा बोल्ट तुटतो. कपाटाचे दोन बोल्ट मी पूर्वी असेच तोडले होते; तेव्हा बोल्ट कमी दर्जाचे असावेत अशी समजूत करून घेतली होती. लहान बोल्टसाठी सॉकेट बसवण्याचा चौकोन पाव इंची असलेले छोटे रॅचेट आणि मोठ्यांसाठी तीन अष्टमांश इंची, असे दोन ठेवण्याचे कारण हेच. दांड्यावर लोखंडी नळी चढवून लांबी वाढवायची नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

पोलादाविषयी थोडक्यात. बहुतेक चांगले पाने क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे असतात, परंतु पान्यावर ते शब्द कोरलेले असणे म्हणजे दर्जाची हमी नव्हे, कारण पान्याचा कस मिश्रधातूइतकाच त्याला दिलेल्या उष्णता-संस्कारावर ठरतो. ८.८ च्या बोल्टचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर २२ ते ३२ असतो, चांगल्या पान्याचा ४० च्या वर. हा फरक असल्यामुळेच जोर वाढला की आधी नटचे कोपरे झिजतात, पाना टिकतो. मऊ पान्याचे तोंड फाकते. वरचा क्रोमचा थर जाड आणि पोपडे धरणारा असेल तर तोही टाळावा. सुटलेल्या पोपड्याची कड बोट कापते.

१ फेब्रुवारी

ज्या स्क्रू पान्याने हा सगळा खटाटोप सुरू करायला लावला, त्याच्याविषयी न्यायाने लिहिले पाहिजे. आजच्या रूपातला स्क्रू पाना स्वीडनमधील योहान पेटर योहान्सन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी घडवला. प्रत्येक यंत्राच्या नटचे माप वेगळे आणि दुरुस्ती करणाऱ्याला पान्यांची मोठी पेटी घेऊन हिंडावे लागे, त्या अडचणीवरचा तो उपाय होता. अडचण खरी होती आणि उपायही खरा आहे. फक्त त्याच्या हलत्या जबड्याला सरकण्यासाठी ढिलाई द्यावीच लागते, आणि ती ढिलाई १८ तारखेच्या गणितात थेट येऊन बसते.

त्याच्याकडून काम करून घेण्याची रीत आहे. नट जबड्याच्या तळापर्यंत आत घ्यावा. फिरकी घट्ट करताना पाना किंचित डोलवत राहावे, म्हणजे जबडा बाजूंना पूर्ण टेकतो. आणि पाना अशा बाजूने लावावा की ओढताना भार स्थिर जबड्यावर येईल, हलत्या जबड्यावर नाही. पान्यावर दाब देताना तो शक्यतो स्वतःकडे ओढावा. ढकलायची वेळ आलीच तर तळवा उघडा ठेवून ढकलावे, कारण नट अचानक सुटला की मिटलेल्या मुठीची बोटे समोरच्या लोखंडावर आदळतात. ६ जानेवारीला मी पाना उलट्या बाजूने लावला होता. भार पूर्णपणे हलत्या जबड्यावर होता.

जुन्या पान्याच्या फिरकीत आता फारच खेळ आहे. नवा घ्यायचा तो २०० मिमी लांबीचा, जबडे आटोपशीर आणि खेळ कमी असलेला. त्याचे काम ठरवून दिले आहे: बोल्ट फिरवताना दुसऱ्या बाजूचा नट धरून ठेवणे, वाकलेली पट्टी सरळ करणे, आणि ज्याचा पाना नाही असे हलक्या ताणाचे एखादे डोके फिरवणे.

८ फेब्रुवारी

पकडींचा विचार आजपासून. पाना फिरवतो; पक्कड धरते, वाकवते आणि कापते. या दोन कामांची सरमिसळ झाली की नटांचे कोपरे जातात. पकडीचे दात नटच्या बाजूला चावे घेतात, आणि जोर कमी पडला की त्याच दातांनी धातू तासला जातो. त्यामुळे पकडींची यादी करताना प्रत्येकीपुढे ती धरण्यासाठी, वाकवण्यासाठी की कापण्यासाठी, हे लिहिले आहे.

पहिली साधी पक्कड, जिच्यात टोकाला सपाट दात, मध्ये नळीसाठी अर्धगोल खाच आणि सांध्याजवळ कापण्याची धार असते. १८० मिमी लांबीची माझ्या मुठीला बरोबर बसते. २०० मिमीची घेऊन पाहिली, पण पूर्ण उघडल्यावर तिचे दांडे बोटांच्या आवाक्याबाहेर जातात. मुठीच्या आवाक्याबाहेर उघडणारी पक्कड कितीही मजबूत असली तरी तिचा उपयोग अर्धाच होतो. दुसरा साइड कटर, १६० मिमी. तिसरी लांब नाकाची, म्हणजे नोज प्लायर, तारेचे डोळे वळवण्यासाठी आणि बोटे न पोहोचणाऱ्या जागेतला वॉशर उचलण्यासाठी. तिच्या नाकाने पीळ दिला की टोके एकमेकींवरून सरकतात आणि पुन्हा कधी नीट जुळत नाहीत, म्हणून तिला जोराचे काम द्यायचे नाही.

पकडीची परीक्षा मिटून करता येते. जबडे मिटून उजेडासमोर धरावेत. चांगल्या पकडीत जबड्यांची टोके आधी टेकतात, आणि मुठीत दाबल्यावर धारा पूर्ण लांबीभर मिळतात. कटरने पातळ कागद कापून पाहावा. धारेच्या कोणत्याही भागावर तो न कापता दुमडला तर धारा जुळत नाहीत. मग एक दांडा धरून दुसरा वरखाली हलवावा. सांध्यात बाजूचा खेळ जाणवला तर पक्कड परत ठेवावी, कारण तो खेळ वापराने वाढतच जातो. सांधा घट्ट असूनही एका हाताने उघडता-मिटता आला पाहिजे.

जुन्या कटरच्या धारेवर दोन अर्धगोल खड्डे आहेत. ते कशाने पडले हे मला ठाऊक आहे: मीच त्याने स्प्रिंगची तार कापली होती. साधी बांधणीची तार मऊ असते, तांब्याची त्याहून मऊ. स्प्रिंगची किंवा पियानोची तार धारेइतकीच कठीण असू शकते, आणि मग कोण कोणाला कापते याचा नेम राहत नाही. चांगल्या कटरवर किंवा त्याच्या माहितीपत्रकावर कोणत्या प्रकारची तार किती जाडीपर्यंत कापता येईल हे दिलेले असते. ते न देणारा कटर घ्यायचा नाही. आणि तार नेहमी सांध्याच्या जितकी जवळ धरता येईल तितकी जवळ धरायची. आज २ मिमीची लोखंडी तार धारेच्या टोकाशी कापताना दोन्ही हात लावावे लागले, सांध्याजवळ ती एका हाताने कापली गेली. तरफेचे हे गणित शाळेत शिकलेले असते, तरी हातात पक्कड असताना आठवत नाही.

दांड्यांवरच्या प्लास्टिकच्या आवरणाविषयी एक गोष्ट ठळकपणे लिहिते. रंगीत प्लास्टिकमध्ये बुडवून काढलेली मूठ हाताच्या सोयीसाठी असते. तिला विजेपासून संरक्षण समजणे जिवावर बेतू शकते. विजेच्या कामासाठीच्या पकडी आयईसी ६०९०० या मानकाप्रमाणे तपासलेल्या असतात आणि त्यांच्यावर दुहेरी त्रिकोणाचे चिन्ह व १००० व्होल्ट असा उल्लेख असतो. मी साधी पक्कड आणि कटर त्याच प्रकारचे घेणार आहे. तरीही घरात विजेचे काम करताना मुख्य स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करूनच हात घालायचा, यात बदल होणार नाही.

१५ फेब्रुवारी

मोठ्या तोंडाच्या पकडी. येथे निवड करायला मला सर्वाधिक वेळ लागला.

वॉटर पंप प्लायरचा सांधा सरकवून तोंड लहान-मोठे करता येते. २५० मिमी लांबीचा एक प्लायर घरातील बहुतेक नळ्या आणि बाटल्यांची घट्ट झाकणे धरतो. त्याला नळीवर लावण्याची दिशा महत्त्वाची आहे: फिरवताना जबडे नळीवर अधिक आवळले जावेत अशा बाजूने तो लावला, तर मूठ फार दाबावी लागत नाही, उलट लावला तर तो सुटतो. पाइप पाना याच तत्त्वाचा अधिक दणकट अवतार आहे, आणि अमेरिकेत डॅनियल स्टिलसन यांनी त्याचे पेटंट १८६९ मध्ये घेतले होते. त्याचे दात नळीत रुततात, ही त्याची ताकद आहे. चकचकीत नळाच्या नटवर हीच ताकद कायमचे ओरखडे ठेवून जाते. मोरीतल्या नळाखालच्या नटवर असे ओरखडे आहेत आणि ते रोज दिसतात.

त्या कामासाठी समांतर, गुळगुळीत जबड्यांचा पाना-प्लायर मिळतो. त्याचे जबडे कोनात न मिटता एकमेकांना समांतर राहून मिटतात, त्यामुळे नटच्या दोन्ही सपाट बाजूंवर पूर्ण रुंदीने टेकतात, आणि मूठ दाबली की मधली ढिलाई शून्य होते. स्क्रू पान्यातला दोष येथे मुळातच उरत नाही. हत्यार महाग वर्गातले आहे, पण माझ्या यादीत ते राहील, कारण एकच १८० मिमीचा पाना-प्लायर नळांचे सगळे नट सांभाळतो आणि दुसऱ्या बाजूचा नट धरण्याच्या कामातही स्क्रू पान्याहून सरस ठरतो.

लॉकिंग प्लायरविषयी माझे मत बदलले. त्याचे कुलूप होणाऱ्या दांड्याचे पेटंट नेब्रास्कातील लोहार विल्यम पीटरसन यांनी १९२४ मध्ये घेतले. हातात तिसरा हात असावा तसा तो वस्तू धरून ठेवतो: वेल्डिंगच्या वेळी, कानशीने घासताना, चिकटवलेले भाग सुकेपर्यंत. डोके पूर्ण गेलेल्या बोल्टला शेवटचा उपाय म्हणूनही तोच. पण तो पहिला उपाय म्हणून हाताशी ठेवला तर चांगले डोकेही त्याच्या दातांखाली जाते. म्हणून तो घेते आहे आणि पेटीच्या तळाशी ठेवते आहे.

सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, काढण्याची पक्कड सध्या नाही. घरात सर्क्लिप दोनच आहेत.

१ मार्च

यादी पूर्ण झाली आणि हत्यारे आली. कॉम्बिनेशन पाने ८, १०, १२, १३, १४, १५, १७ आणि १९. दहाचे आणि तेराचे प्रत्येकी दोन, कारण एकाच मापाचा बोल्ट आणि नट दोन्ही बाजूंनी धरावा लागण्याचा प्रसंग याच मापांत सर्वाधिक येतो. सहा कोनांची सॉकेट त्याच मापांची, दोन रॅचेट. एक स्क्रू पाना, एक पाना-प्लायर, एक वॉटर पंप प्लायर, एक लॉकिंग प्लायर, साधी पक्कड, कटर, नोज प्लायर. ॲलन कीचा संच १.५ ते १० मिमीपर्यंत पूर्ण केला.

प्रत्येक नव्या पान्याचे तोंड मापाच्या नव्या बोल्टवर लावून पाहिले. चौदाच्या एका पान्यात डोळ्यांना दिसेल इतका डोल होता. तो बदलून घेतला. पकडी उजेडासमोर धरून पाहिल्या, कागद कापला, सर्व ठीक. पाने भिंतीवरील फळीवर मापाच्या क्रमाने टांगले आणि प्रत्येकाच्या मागे त्याची बाह्यरेषा पेन्सिलने आखली. रिकामी बाह्यरेषा लगेच डोळ्यांत भरते, आणि यंत्रात विसरलेला पाना यंत्र सुरू होण्यापूर्वी सापडतो. पकडींच्या सांध्यांत तेलाचा एकेक थेंब घातला.

८ मार्च

पंपाच्या झाकणाचे उरलेले तीन बोल्ट आज काढले. आदल्या रात्री तेल घातले होते. तारेच्या ब्रशने डोक्यांवरचा गंज आधी पूर्ण साफ केला, कारण गंजाचा थर राहिला तर सॉकेट तळापर्यंत बसत नाही आणि भार डोक्याच्या वरच्या कडेवरच येतो. तेराचे सहा कोनांचे सॉकेट हाताने दाबून बसवले, छोट्या लाकडी हातोडीने वरून दोन हलके ठोके दिले, रॅचेट स्वतःकडे ओढले. पहिला बोल्ट करकरत सुटला. दुसरा लगेच सुटला. तिसऱ्याला घट्ट-सैल असे सहा वेळा करावे लागले. तिन्ही डोक्यांचे कोपरे शाबूत आहेत. भिंगातून पाहिले तरी कोपऱ्यापासून आत, सपाट बाजूवर सॉकेटने सोडलेली फिकट रेघ तेवढी दिसते.

चारही जागी नवे एम ८ बोल्ट घातले. आट्यांना ग्रीस लावले, पुढच्या वेळी गंज धरू नये म्हणून. ग्रीस लावलेल्या आट्यांत घर्षण कमी होते आणि तेवढ्याच पीळबळात बोल्ट अधिक ताणला जातो, हे ध्यानात ठेवून आखूड पान्यानेच आणि नेहमीपेक्षा हलक्या हाताने आवळले. आधी समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन, आणि शेवटी सर्वांवर एक फेरी. पंप सुरू करून अर्धा तास चालवला. झाकणाच्या सांध्यातून पाणी येत नाही.

बाकाचे ते तीन १६ चे बोल्ट राहिले आहेत. त्यांच्यासाठी सोळाचा पाना घ्यायचा, की बोल्टच बदलून १७ चे करायचे, हे पुढच्या आठवड्यात बाक उघडल्यावर ठरवेन.